तू बोल... नाही नाही, तू बोल

अगं, तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज पोळ्या लाटता लाटता ऐकला. लीड झाल्याचे पेढे अजून माझ्यापर्यंत पोचले नाहीत आणि तू आत्ताच रडकुंडीला आलीस. ‘ताई, समोर अकरा चौकोन, त्यातले नऊ काळे. मी एकटीच बडबडते. शेवटी एनी क्वेश्चन्स म्हणते, कुणी हूं की चूं करत नाही, मग ओके थँक्यू म्हणून बंद करते.’ इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणालीस, ‘या मुलांना कामात इंटरेस्टच नाहीये.’ हे मात्र मला पटलं नाही.

हीच मुलं ना गं, रिलीजच्या रात्री कुणी न सांगता थांबणारी? ग्रुपवर रात्री एकला मीम टाकणारी? हिंजवडीच्या टपरीवर चहा पिता पिता मॅनेजरची हुबेहूब नक्कल करणारी? हे सगळं तूच मला हसत हसत सांगितलंयस. मुळातच घुमी असती तर टपरीवरही घुमीच राहिली असती. कॉलवरच त्यांची दातखीळ बसते, तेव्हा गोम माणसांत नाही, कॉल ज्या पद्धतीने चालतो त्या पद्धतीत आहे. त्यांना बोलायचं असतं, पण शिरायला फट सापडत नाही. ती फट ठेवणं हे तुझं काम. स्क्रीन काय, कुणीही शेअर करतं.

समोरासमोर बसून गप्पा मारताना आपण एकमेकांच्या बोलण्यात किती सहज शिरतो, याचा कधी विचार केलायस? नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली एक अभ्यास छापला. जगभरातल्या दहा भाषांमधली साधी बोलणी त्यांनी तपासली होती. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंद जातात, असं दिसलं. सेकंदाचा पाचवा हिस्सा! एवढ्या झटक्यात बोलता येतं, कारण समोरच्याचं वाक्य संपतंय याची चाहूल आपल्याला आधीच लागलेली असते. त्याचा आवाज उतरतो, तो आपल्याकडे बघतो, आपण श्वास घेतो, तो बघून तिसरा थांबतो. सगळं न बोलता ठरतं.

आता कॉलवर यातलं काय पोचतं ते बघ. टेलिफोनसाठी जी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे, तिच्यात आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर झाला तरी चालेल असं धरलंय. जायचे १५०, यायचे १५०. लाइन उत्तम असली तरी तो २०० चा हिशेब तिथेच कोलमडला. त्यात कुणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, कुणाचं राउटर दोन भिंतींपलीकडे. मग काय होतं ते तू रोज बघतेस. दोघं एकदम बोलायला लागतात. ‘सॉरी सॉरी, तू बोल.’ ‘नाही नाही, तू बोल.’ दोघंही थांबतात. पुन्हा दोघंही सुरू होतात. तेवढ्यात ज्याला कशाचंच सोयरसुतक नसतं असा तिसराच बोलून मोकळा होतो. असं एका कॉलमध्ये दोनदा झालं की भिडस्त माणूस जो म्यूट होतो तो शेवटच्या ‘बाय’लाच उगवतो. आणि कॉल कायम त्याच दोघा-तिघांचा राहतो, ज्यांना दुसऱ्याचं वाक्य तोडताना काही वाटत नाही.

याहून गंमत पुढे आहे. २०१४ साली जर्मनीतल्या काही संशोधकांनी लोकांना फोनवर बोलायला लावलं आणि मधे मुद्दाम उशीर घातला, १.२ सेकंदांपर्यंत. उशीर लाइनचा. पण बोलणाऱ्यांना वाटलं समोरचा माणूसच कमी आपुलकीचा आहे, त्याचं लक्ष नाहीये. तुझं ते ‘इंटरेस्टच नाहीये’ मला यातलंच वाटतं बघ.

तर पहिलं काम, ‘एनी क्वेश्चन्स’ला कायमची सुट्टी दे. ‘सगळ्यांना कळलं ना?’ यालाही. या प्रश्नांना एकच सभ्य उत्तर असतं, ते म्हणजे गप्प बसणं. कळलं नाही असं अकरा जणांसमोर कोण म्हणेल? त्याऐवजी असं काहीतरी विचार, ज्याला उत्तर असतंच. ‘हा बदल टाकला तर सगळ्यात आधी काय मोडेल?’ ‘यातलं कुठलं काम आपण या आठवड्यात सोडून देऊ शकतो?’ असं विचारलं की ज्याला शंका आहे त्याला ‘मला कळलं नाही’ म्हणावं लागत नाही. तो मोडणाऱ्या गोष्टी सांगतो, आणि त्याची शंका त्यात आपोआप येते.

आणि प्रश्न हवेत सोडू नकोस, माणसाला विचार. पण आधी नाव घे, मग दोन शब्द इकडचे-तिकडचे, आणि मग प्रश्न. हे बारीक वाटेल, पण करून बघ. तू लांबलचक प्रश्न विचारून शेवटी नाव घेतलंस, तर तो बिचारा तेव्हा दुसऱ्या खिडकीत कोड बघत असतो, दचकतो, म्यूट काढायला धडपडतो आणि म्हणतो, ‘सॉरी, कॅन यू रिपीट?’ झाली त्याची शोभा. नाव आधी घेतलंस की त्याचे कान टवकारले जातात, बोट माइकवर जातं, तोवर प्रश्न येतो. आणि जी फारच बुजरी आहे, ती तुझी कोल्हापूरची नवीन मुलगी म्हणतेस ना, तिला आदल्या दिवशी एक ओळ टाकून ठेव: ‘उद्या टेस्टिंगचं मी तुला विचारणार आहे, दोन मिनिटांचं सांग.’ अचानक विचारलं तर ती परीक्षा, कळवून विचारलं तर तो मान.

विचारून झालं की थांब. हे सगळ्यात अवघड. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाई होत्या, त्यांनी १९७०च्या दशकात शाळेच्या वर्गांमधली ध्वनिमुद्रणं ऐकून काढली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नव्हते. लगेच दुसऱ्या मुलाकडे वळायचे किंवा स्वतःच उत्तर सांगायचे. तेच तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, एरवी तोंड न उघडणारी मुलं बोलायला लागली. ही वर्गातली गोष्ट, जिथे लाइनचा उशीर नाही आणि म्यूटही नाही. तुला तर तीनच्या दुप्पट थांबायला हवं. तू माझीच बहीण, शांतता झाली की आपल्या पोटात गोळा येतो आणि आपण ती बोलून भरून टाकतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून जवळ पाण्याची बाटली ठेव. प्रश्न विचारलास की सावकाश दोन घोट पी. दुसऱ्या घोटापर्यंत कुणी ना कुणी घसा खाकरतंच.

आपल्या गावाकडच्या पंगती आठव. चांगला वाढपी वर मान करून ‘कुणाला भात?’ असं ओरडत फिरत नाही. तो पानापाशी थांबतो, वाकतो, आणि शेवटच्या पानापर्यंत जातो. आग्रह करतो, पण पानावर आडवा हात आला की पुढे सरकतो. तेवढंच. आडवा हात आला तर तूही पुढे सरक. एखाद्याला त्या दिवशी खरंच काही सांगायचं नसतं. त्याला ‘तरी पण, काहीतरी बोल’ म्हणून टोचू नकोस.

आणि बोलणं म्हणजे तोंडानेच, असं कुणी सांगितलं? तुझ्याकडे मराठी माध्यमातून आलेली मुलं आहेत. इंग्रजी वाचतात, लिहितात छान, पण बोलायचं म्हटलं की आधी मनातल्या मनात वाक्य जुळवतात, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. त्यांच्यासाठी लिहिण्याची वाट उघडी ठेव. एखादा मोठा निर्णय असेल तर सुरुवातीची पाच मिनिटं सगळ्यांनी एकाच डॉक्युमेंटमध्ये आपापलं लिहायचं, तोवर सगळे म्यूट, तूसुद्धा. मग वरपासून वाचत जायचं. डील आणि स्ट्रोब या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली दाखवून दिलं होतं की एकत्र बसून कल्पना सुचवण्यापेक्षा तेवढीच माणसं वेगवेगळी बसली तर जास्त कल्पना निघतात, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे पाळीची वाट बघणं. एका वेळी एकच बोलू शकतो, आणि वाट बघता बघता बाकीच्यांचं सुचलेलं जिरून जातं. लिहिताना पाळीच नसते. सगळे एकदम लिहितात, आणि कुणाचं वाक्य कुणी तोडत नाही.

चॅटमध्ये कुणी काही टाकलं तर ते तू मोठ्याने वाच, नावासकट. ‘हे बघा, इथे लिहून आलंय की...’ एवढंच नको. कुणी लिहिलंय तेही सांग. अर्ध्या तासाने तोच मुद्दा तुमच्यातला एखादा मोठ्या आवाजाचा गडी आपलाच असल्यासारखा मांडेल. मांडतोच. तेव्हा गोड आवाजात म्हणायचं, ‘हो, ती म्हणाली होती तेच ना? तूच पुढे सांग गं.’ भांडण नाही, तंटा नाही, पण ज्याचं त्याला मिळालं. बायकांच्या बाबतीत हे जरा जास्तच लक्ष ठेवून कर. मी काय म्हणतेय ते तुला कळलंय.

भाषेवरून आठवलं. तुझ्या टीममध्ये चेन्नईची एक आहे. बाकीचे रंगात आले की मराठीत घसरतात, हिंदीत जातात, हशा पिकतो, आणि ती चौकोनात बसून नुसती हसल्यासारखं करते. मराठी बोलू नका असं मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या भाषेत माणूस मोकळा होतो. पण हशा ओसरला की दोन वाक्यांत तिला सांगून टाक कशाला हसलो ते. नुसतं ‘नथिंग, जस्ट अ जोक’ म्हणून पुढे गेलात तर ती पुढच्या वेळी मागे राहणार.

आता कॅमेरा. तुमच्या एचआरकडून मेल आलाय म्हणालीस, ‘कॅमेरा ऑन ठेवा, म्हणजे कनेक्ट वाढेल.’ त्यावर तू मुलांच्या मागे लागायच्या बेतात आहेस. थांब जरा.

आपल्याकडे किती घरांत कामाला वेगळी खोली असते गं? तुझ्या टीममधली ती चिंचवडची, लग्न होऊन सहा महिने झालेली, ती बेडरूममध्ये पलंगावर लॅपटॉप ठेवून बसते, कारण हॉलमध्ये सासरे बनियनवर पेपर वाचत असतात. दुसरा एक जण रूमवर, तिथे चार मुलं आणि दोरीवर सगळ्यांचे टॉवेल. बॅकग्राउंड ब्लर करता येतं, मान्य. कुकरची शिट्टी ब्लर होत नाही. आणि मागून कुणी गेलं की त्या ब्लरमधून अर्धा हात, अर्धं डोकं दिसतं, त्याकडेच सगळ्यांचं लक्ष. अशी मुलगी पूर्ण कॉलभर आपला मुद्दा मांडायचा विचार करेल, की दार उघडतंय का याचा?

हे माझ्या मनाचं सांगत नाहीये. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलने माणूस इतका का दमतो याची चार कारणं मांडली. चेहरे अगदी जवळून सतत आपल्याकडे बघतायत असं वाटतं. स्वतःचा चेहरा सारखा समोर दिसतो. एका जागी खिळून बसावं लागतं. आणि मान डोलावणं, हसणं असले साधे इशारेसुद्धा मुद्दाम ठळक करून द्यावे लागतात. त्याच वर्षी अमेरिकेत एका कंपनीतल्या १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवडे केलेला प्रयोगही छापून आला. काही दिवस कॅमेरा सुरू, काही दिवस बंद. कॅमेरा सुरू असलेल्या दिवशी लोक जास्त थकले, बायका आणि नव्याने लागलेले लोक तर आणखीच. आणि थकलेली माणसं मीटिंगमध्ये कमी बोलली, कमी गुंतली. कनेक्ट वाढवायला कॅमेरा लावायचा आणि त्यानेच तोंडं बंद व्हायची, याला काय म्हणावं!

पण म्हणून कायमचे काळे चौकोन, असंही नको. मी काय करते सांगते. पहिली दोन-तीन मिनिटं, ज्यांना शक्य आहे त्यांनी चेहरा दाखवायचा, राम राम शाम शाम करायचं, आणि स्क्रीन शेअर सुरू झाली की बंद. नवीन माणूस टीममध्ये आला की पहिल्या भेटीला सगळ्यांनी चालू. दोघांच्याच कॉलला बहुतेक जण न सांगता चालू करतात. आणि प्रत्येकाला ‘हाइड सेल्फ व्ह्यू’चं बटण कुठे आहे ते दाखवून दे, निम्मा त्रास तिथेच जातो. एचआरला काय सांगायचं? जे मी आत्ता तुला सांगितलं तेच, मेलवर, नीट आकड्यांसकट. आकडे पाहिले की ती मंडळी जरा मवाळ होतात.

तुझं खरं दुखणं मात्र बुधवारी असणार, असा माझा अंदाज आहे. बुधवारी सहा जण ऑफिसात आणि पाच घरी, असंच आहे ना तुमचं? मी अशा कॉन्फरन्स रूममध्ये बसलेय आणि अशा कॉलला घरूनही बसलेय, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. टेबलाच्या मधोमध तो एक गोल स्पीकर. त्याच्याजवळ बसलेल्याने बिस्किटाचा पुडा फोडला तर घरच्यांच्या कानात कडकड वीज, आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्याचं बोलणं मात्र पाण्याखालून आल्यासारखं. कुणीतरी उठून व्हाइटबोर्डवर बाण काढतो, ‘हे इकडून इकडे जाईल’ म्हणतो. स्क्रीनवर त्याची फक्त पाठ. मग कुणीतरी हळूच काहीतरी बोलतो आणि सगळी खोली खो खो हसते. हशा पोचतो, विनोद पोचत नाही. घरी बसलेली पाच माणसं तेव्हा निमूट मेल उघडतात आणि मनाने तिथून उठून जातात. मग शेवटी खोलीतलं कुणीतरी ‘ऑनलाइनवाल्यांना काही सांगायचंय का?’ म्हणून विचारतं. वरातीमागून घोडं!

यावर मला पटलेला उपाय एकच: एक जण जरी बाहेर असला तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून यायचं, ऑफिसात असलात तरी. जागा असेल तर आपापल्या डेस्कवरून, हेडफोन लावून. एकाच खोलीत बसायचं असेल तर माइक आणि स्पीकर एकेकच चालू ठेवा, नाहीतर एकाचा माइक दुसऱ्याच्या स्पीकरचा आवाज ओढतो आणि अशी शिट्टी वाजते की कान किटतात. व्हाइटबोर्डला हात लावायचा नाही, काढायचं ते स्क्रीनवर काढायचं. आणि प्रत्येक प्रश्न आधी घरच्यांना, मग खोलीला. खोलीतल्यांना कुरकुर करू दे. त्यांच्याकडे चहाचं मशीन आहे, कॉरिडॉर आहे, जेवणाची सुट्टी आहे. घरच्यांकडे तो चौकोनच आहे.

एवढं सगळं केलंस आणि तरी एका गोष्टीवर सगळं पाणी फिरू शकतं. कुणीतरी पहिल्यांदा वाईट बातमी आणतो, तेव्हा तू काय करतेस? समज, तुझा नागपूरचा मुलगा म्हणाला, ‘ते शुक्रवारपर्यंत होणार नाही असं वाटतंय.’ तुझ्या तोंडून निसटलं, ‘अरे, मग सोमवारी का नाही सांगितलंस?’ बरोबरच आहे तुझं. सोमवारीच सांगायला हवं होतं. पण ते वाक्य त्या एकट्याने ऐकलं नाही, बाकीच्या दहा जणांनीही ऐकलं, आणि दहाही जणांनी ठरवून टाकलं की आपली अडचण या कॉलवर काढायची नाही. म्हणून चारचौघांत फक्त एवढंच म्हण, ‘बरं झालं आजच बोललास. कुठे अडलंय?’ सोमवारचं नंतर, दोघंच असताना, खुशाल विचार.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांमधल्या टीम अभ्यासायला घेतल्या. चांगल्या टीममध्ये औषध देताना कमी चुका होत असणार असं त्यांना वाटलं होतं. आकडे आले ते उलटेच, चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका! मग उलगडा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथली माणसं त्या मोकळेपणाने सांगत होती. बाकीच्या ठिकाणी झाकल्या जात होत्या. तुझ्या कॉलवर कधीच काही बिनसत नसेल, सगळं कायम ‘ऑन ट्रॅक’ असेल, तर तू निर्धास्त होऊ नकोस, उलट जरा काळजी कर.

मोठे साहेब कॉलला आले की काय होतं ते तुला माहीतच आहे. त्यांना आधी एक मेसेज टाक, ‘सर, तुम्ही शेवटी बोललात तर बरं होईल, नाहीतर सगळे तुमच्या मताला हो म्हणतील.’ शहाणे साहेब याने सुखावतात. आणि ज्या चर्चेत माणसांनी मनातलं बोलायला हवं, तिथे रेकॉर्डिंग लावू नकोस. कोपऱ्यात तो लाल ठिपका दिसला की माणूस कोर्टात साक्ष दिल्यासारखा बोलतो.

आणि कॉलला माणसं कमी बोलव. फ्रान्समध्ये माक्सिमिलियाँ रिंगेलमान नावाचे शेतीचे इंजिनिअर होते. दोर ओढणाऱ्या माणसांची ताकद त्यांनी मोजून बघितली. ते निष्कर्ष १९१३ साली छापले गेले. ओढणारे जितके वाढत जातात तितका एकेकाचा जोर कमी होत जातो, असं त्यांना आढळलं. कॉलला अकरा जण आहेत म्हटल्यावर प्रत्येकाला वाटतं, दुसरा बोलेल की. तुझ्या त्या मंगळवारच्या डिझाइनच्या चर्चेला सगळे अकरा कशाला हवेत? पाच जणांना बोलव, बाकीच्यांना नंतर चार ओळी लिहून कळव. ‘तू यातून सुटलास, जा, काम कर’ असं म्हणणाऱ्या लीडवर मुलं जीव टाकतात.

वेळेचंही बघ. न्यू जर्सीच्या क्लायंटचा कॉल त्यांच्या सकाळी अकराला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या रात्री साडेआठला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, आणि तोच कॉल आपल्याकडे साडेनऊला येऊन बसतो. ते मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. म्हणजे चार महिन्यांहून थोडा जास्तच काळ तुझ्या टीममधल्या बाया एका कानात हेडफोन घालून वाढणार, आवरणार, मुलांना झोपवणार, आणि त्यांनी हिरिरीने चर्चेत भाग घ्यावा अशी तुझी अपेक्षा. क्लायंटला ऑक्टोबरमध्येच विचार, हिवाळ्यात त्यांच्या दहाला जमेल का. बहुतेक वेळा त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं, आणि आपल्याकडून कुणी विचारलेलं नसतं.

आणि हो, तो शुक्रवारचा ऑनलाइन तंबोला बंद करून टाक बाई. मला तरी अजून असा माणूस भेटलेला नाही की ज्याला आठवडाभर स्क्रीनपुढे बसून झाल्यावर शुक्रवारी संध्याकाळी त्याच स्क्रीनवर आकडे खोडायची हौस आहे. ‘टीम बाँडिंग’ म्हणून कॅलेंडरवर टाकलेलं काहीही कामासारखंच वाटतं. त्यापेक्षा रोजच्या कॉलची पहिली दोन मिनिटं मोकळी ठेव. तू स्वतः थोडी आधी ये. जो आधी आलाय त्याच्याशी खरंच काहीतरी बोल, ‘नागपुरात आज किती?’ असलं साधं. मे महिन्यात या एका प्रश्नावर नागपूरवाले पाच मिनिटं बोलतात, नुसतं ऐकायचं. कोल्हापूरकर मधे पडून पावसाचं सांगतील. मुलीची परीक्षा होती, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, हे एकदा ऐकलंस तर पुढच्या आठवड्यात आठवणीने विचार. वहीत लिहून ठेव, त्यात काही कमीपणा नाही.

आणि एक काम कॉलच्या बाहेरचं. दर पंधरवड्याला एकेकाला साधा फोन कर, व्हिडिओ नको. तो गच्चीवर फेऱ्या मारेल, तू अंगणात. चालता चालता माणूस जे बोलतो ते त्या चौकोनात बसून कधीच बोलत नाही. तिथे कळतं की तो कॉलवर गप्प का असतो. कुणाला इंग्रजीची भीती, कुणाचा माइकच धड नाही आणि नवीन मागायचा संकोच, कुणाला तू एकदा मधेच तोडलं होतंस ते अजून टोचतंय. माइक तर कंपनीकडून उद्याच मागव.

अजून एक. कॉल संपवताना तू ते ‘एंड मीटिंग फॉर ऑल’ दाबतेस ना? ते नको दाबत जाऊ. त्याने सगळे एका झटक्यात बाहेर फेकले जातात. तू ‘चला, भेटू’ म्हण आणि थांब. एकेक चौकोन जाईल, आणि एखादा रेंगाळेल. तो विसरून राहिलाय असं तुला वाटेल, विसरलेला नसतो. ‘मॅम, एक मिनिट आहे का?’ म्हणेल. अर्ध्या तासात जे निघालं नाही ते त्या एका मिनिटात निघतं, आणि ते एक मिनिट कधी एक मिनिटाचं नसतं. तेव्हा लगेच पुढच्या कॉलला पळायचं असेल तर सगळं फुकट. तुझं कॅलेंडर मी बघितलंय, एकाला एक चिकटून कॉल लावलेत. अर्ध्या तासाचे सगळे पंचवीस मिनिटांचे कर आणि मधे पाच मिनिटं रिकामी सोड. आज रात्रीच बदलून टाक, उद्या पहिलाच कॉल साडेनऊला आहे तुझा.